रेल्वेचा संप: ड्युटीच्या तासांचा जुना वाद आणि फलाटावर अडकणारा प्रवासी

अपडाऊन (धागाकर्ता)

मुंबईत दर काही वर्षांनी लोकल थांबतात. मे २०१० मध्ये मोटरमन उपाशीपोटी काम करत आंदोलनाला बसले आणि दोन दिवस लोकलसेवा कोलमडली. ऑगस्ट २०१८ मध्ये मध्य रेल्वेच्या मोटरमननी ओव्हरटाइम नाकारला. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंब्र्याच्या अपघातावरून अभियंत्यांवर गुन्हा दाखल झाला म्हणून सीएसएमटीला ऐन संध्याकाळी तासभर गाड्या सुटल्या नाहीत. तिन्ही वेळा कारणं वेगळी होती, पण बहुतेक प्रवाशांना पत्ता लागला तो फलाटावर पोचल्यावर.

माझं मत असं, की १९७४ च्या देशव्यापी संपात मुळाशी असलेला ड्युटीच्या तासांचा प्रश्न अजून मिटलेला नाही, आणि तो मिटवला जात नाही म्हणूनच त्याचा भडका अधूनमधून प्रवाशांवर उडतो. जाणकारांनी तीन गोष्टींवर लिहावं ही विनंती:

१. रेल्वे कर्मचाऱ्याला कायद्याने संप करता येतो का?
२. शे-दोनशे माणसं थांबली की सगळी यंत्रणा का थांबते?
३. प्रवाशाने त्या दिवशी काय करावं? तिकिटाचे पैसे कसे मिळवावेत?

पक्षीय राजकारण शक्यतो नको.

बँकर

चांगला धागा. १९७४ बद्दल आधी थोडं, कारण बऱ्याच जणांना फक्त जॉर्ज फर्नांडिस यांचं नाव आणि बेड्यांतला फोटो एवढंच आठवतं, आणि तो फोटो तर संपाचा नाही, नंतरच्या आणीबाणीतला आहे.

संप ८ मे १९७४ ला सुरू झाला आणि २७ मे रोजी मागे घेतला गेला. कायम आणि रोजंदारीवरचे मिळून सुमारे १७ लाख कामगार तेव्हा रेल्वेत होते. फेब्रुवारीत सगळ्या संघटनांची मिळून राष्ट्रीय समन्वय समिती झाली होती, फर्नांडिस तिचे निमंत्रक. रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र. बोलणी चालू असतानाच २ मे रोजी फर्नांडिस यांना लखनौला अटक झाली, म्हणजे संप सुरू होण्याच्या सहा दिवस आधी. भारत संरक्षण नियम आणि मिसा (अंतर्गत सुरक्षा कायदा) यांखाली देशभर हजारोंची धरपकड झाली. रेल्वे कॉलन्यांमध्ये क्वार्टर रिकामी करायला लावणं, पाणी-वीज तोडणं हे सगळं झालं. गाड्या चालवायला प्रादेशिक सेनेची रेल्वे पथकं आणली. पोखरणची पहिली अणुचाचणी १८ मे १९७४ ची, म्हणजे संप चालू असतानाची. त्या दिवसापासून वर्तमानपत्रांची पहिली पानं तिकडे वळली.

मागण्या होत्या आठ तासांची ड्युटी, बोनस, महागाईशी जोडलेला भत्ता, सार्वजनिक उपक्रमांइतका पगार आणि रोजंदारी कामगारांना कायम करणं. तिसऱ्या वेतन आयोगानंतर किमान पगार महिना १९६ रुपयांवर आला होता आणि महागाईचा दर २० टक्क्यांच्या वर गेला होता. मागणी उगाच नव्हती.

इंजिनवाल्यांचं आंदोलन तर आदल्या वर्षीचंच. १९७३ मध्ये लोको रनिंग स्टाफने काम थांबवल्यावर ऑगस्टमध्ये सरकारने दहा तासांची मर्यादा मान्य केली. तोवर गाडी निघाल्यापासून मुक्कामी पोचेपर्यंत, मग कितीही तास होवोत, ड्युटी ती ड्युटी असाच खाक्या होता. वाफेच्या इंजिनाच्या भट्टीसमोर.

खडी

एक पुरवणी. १९७४ शेवटचा नाही. जानेवारी १९८१ मध्ये लोको रनिंग स्टाफचा संप झाला होता. देशव्यापी सर्व श्रेणींचा नव्हता, पण मोठा होता. त्यात काढून टाकलेल्यांची प्रकरणं १९९३ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चालली.

कलमकसाई

प्रश्न १ चं उत्तर. थोडं लांबेल.

संप हा मूलभूत हक्क नाही. सरकारी कर्मचाऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या तमिळनाडू प्रकरणात ते आणखी कडक शब्दांत सांगितलं. पण कामगार कायद्याने अटींसह वाट ठेवलेली आहे. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये रेल्वे ही 'लोकोपयोगी सेवा' होती: सहा आठवड्यांच्या आतली नोटीस, नोटीस दिल्यावर १४ दिवस संप नाही, समेटाची बोलणी चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात १४ दिवसांची अट सगळ्याच उद्योगांना लावली आहे, आणि एक नवी गोष्ट आली: निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी सामूहिक रजा टाकली तर तोही संपच धरला जातो.

या अटींची गोम अशी की प्रशासनाने समेटाची बोलणी लांबवली की कायदेशीर संपाचा दिवस पुढे पुढे जात राहतो.

त्यावर रेल्वे कायदा, १९८९. कलम १७३: गाडी चालवण्याची जबाबदारी असलेला कर्मचारी पुढच्या स्टेशनला पोचण्याआधी, रीतसर दुसऱ्याच्या ताब्यात न देता, गाडी सोडून गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कलम १७४: रुळावर बसून, सिग्नलशी छेडछाड करून किंवा अन्य प्रकारे गाडी अडवली तर तेवढीच कैद किंवा दोन हजार दंड किंवा दोन्ही. म्हणून आंदोलक कर्मचारी गाडी आडरानात सोडत नाहीत, स्टेशनात आणून ठेवतात.

कर्मचारी घाबरतात ते मात्र शिस्त व अपील नियम, १९६८ मधल्या नियम १४(२) ला. एरवी मोठी शिक्षा द्यायची तर फॉर्म ५ वर आरोपपत्र, चौकशी अधिकारी, साक्षी-पुरावे, बचाव सहायक हे सगळं करावं लागतं. १४(२) मध्ये 'चौकशी करणं व्यवहार्य नाही' असं कारण लेखी नोंदवलं की माणूस थेट घरी. १९७४ आणि १९८१ दोन्ही वेळा तो वापरला गेला, आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा अधिकार वैध ठरवला.

कोकणकडा

१९७४ मध्ये काढलेल्यांना परत घेतलं ते १९७७ मध्ये, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर. सेवेत पडलेला खंडही भरून निघाला. राजापूरचा खासदार म्हणून आपल्याकडे त्यांची आठवण कोकण रेल्वे आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या दोन इंची फोमसाठी निघते. बडतर्फ कामगारांच्या घरात ती या निर्णयासाठी निघते.

पासधारक

सगळं वाचलं. तरीही असहमत.

कसारा किंवा कर्जतहून येणाऱ्या माणसाला दुसरा मार्ग काय आहे ते कोणी सांगावं. गर्दीच्या वेळी १२ डब्यांच्या लोकलमध्ये चार-साडेचार हजार माणसं असतात. एका बसमध्ये दाटीवाटीने ७०. म्हणजे एक लोकल रद्द झाली की साठ बस लागतात, आणि मध्य रेल्वेवर रोज अठराशेच्या आसपास लोकल फेऱ्या आहेत. पर्यायी व्यवस्था हा शब्द उच्चारूच नये. रोजंदारीवरच्या माणसाचा त्या दिवसाचा पगार जातो, परीक्षा चुकतात, रुग्णालयाच्या तारखा हुकतात. मोटरमनच्या मागण्या शंभर टक्के रास्त धरल्या तरी त्याची किंमत ज्याचा काही संबंध नाही त्याने का द्यायची?

अपडाऊन

पासधारक, राग समजतो आणि पटतोही. पण मग त्यांनी दबाव कुठे आणायचा? अर्जविनंत्या करून प्रश्न सुटत असते तर दहा तासांची मर्यादा १९७३ पर्यंत थांबली नसती.

लॉबी

प्रश्न २ घेतो. शे-दोनशे माणसांनी सगळं का थांबतं?

सीएसएमटीला उपनगरी फलाट सात. त्यातले दोन हार्बरचे, उरले पाच मुख्य मार्गाचे. गर्दीच्या वेळी दर तीन-चार मिनिटांनी गाडी येते, काही मिनिटांत उलटी फिरून सुटते. आता समजा पाच गाड्या आल्या आणि त्या परत न्यायला मोटरमनच नाहीत. पाचही फलाट अडले. सहावी गाडी मशीदला उभी, सातवी सँडहर्स्ट रोडला, आठवी भायखळ्याला. स्वयंचलित सिग्नलवर मागची गाडी पुढच्या गाडीच्या मागे उभी राहत जाते. वीस-पंचवीस मिनिटांत रांग दादरच्या पलीकडे. काम करायला तयार असलेला मोटरमन त्या रांगेतच अडकलेला असतो. सगळ्यांनी थांबायची गरजच नसते.

दुसरी बाजू लिंकची. मोटरमनला दिवसाची लिंक दिलेली असते: ही गाडी, मग ती, मधे इतकी विश्रांती, मग अमुक गाडी. पदं रिकामी असली की रिकाम्या लिंका ओव्हरटाइमने भरतात. कोणी रजेवर गेला तर त्याच्या फेऱ्या दोघांत वाटतात. वेळापत्रक छापील दिसतं, पण त्याचा एक हिस्सा माणसांच्या जादा तासांवर उभा असतो. २०१८ मध्ये नेमकं तेच काढून घेतलं. संप नाही, घोषणा नाहीत, फक्त 'माझे तास भरले, मी सही करून घरी जातो'. फेऱ्या रद्द झाल्या.

सेमाफोर

आंदोलनात 'नियमानुसार काम' करतो म्हटलं की गाड्या उशिरा धावतात, म्हणजे एरवी नियम मोडून धावतात असंच ना? मग आपण रोज कशात बसतो?

लॉबी

सेमाफोर, हा गैरसमज नेहमी होतो. सुरक्षेचे नियम आणि तासांचे नियम वेगळे काढून पाहा.

सुरक्षेचा भाग असा. लांब पल्ल्याची गाडी सुटण्याआधी इंजिनाकडे ब्रेक पाइपमध्ये ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आणि शेवटच्या डब्यात ४.८ किलो दाब हवा. फीड पाइपला ६ आणि ५.८. मग गार्ड, म्हणजे २०२२ पासूनचा ट्रेन मॅनेजर, मागून दाब पाडतो. तो पुढे लोको पायलटच्या (इंजिनचालकाच्या) गेजवर पडलेला दिसला पाहिजे. मग पुढून पाडायचा, मागे दिसला पाहिजे. यातून कळतं की हवेचा मार्ग सलग आहे, मधे कुठला कॉक (हवेची झडप) बंद राहिलेला नाही. मधला एक कॉक चुकून बंद राहिला तर त्याच्या मागच्या सगळ्या डब्यांना लोको पायलटचा ब्रेक लागणारच नाही. हे कोणी टाळत नाही. ब्रेक पॉवर सर्टिफिकेट, कॉशन ऑर्डरवरच्या वेगमर्यादा वाचून सही करणं, हेही नाही. स्वयंचलित सिग्नल लाल असेल तर दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबून मग दबकत पुढे जायचं, हेही रोजचंच.

उशीर होतो तो दुसऱ्या भागामुळे. माणूस तासांवर बोट ठेवतो तेव्हा. त्याच्या जागी यायला दुसरा माणूस तयार नसतो.

घाटरक्षक

लॉबींना पुष्टी म्हणून मेल-एक्सप्रेस आणि मालगाडीकडचे आकडे देतो, कारण खरा वाद तिथे जास्त पेटलेला आहे.

रेल्वे कायद्याच्या कलम १३२ नुसार, कामाच्या स्वरूपावरून केलेल्या वर्गांपैकी 'सतत' वर्गातल्या कर्मचाऱ्याला दोन आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ५४ तास, 'तीव्र' वर्गाला ४५, आणि 'मुख्यतः खंडित' वर्गाला ७५ तास. रनिंग स्टाफची एका दमातली प्रत्यक्ष चालवण्याची मर्यादा साधारण ९ तास, साइन ऑनपासून (कामावर हजेरी) साइन ऑफपर्यंत (कामावरून सुटका) ११. मुख्यालयात परतल्यावर, ड्युटी आठ तासांची किंवा जास्त असेल तर १६ तास विश्रांती, कमी असेल तर १२. बाहेरगावी आठ तासांच्या ड्युटीनंतर रनिंग रूममध्ये (रेल्वेच्या विश्रामगृहात) आठ तास.

आता वादाचं मूळ. कलम १३३ म्हणतं की रनिंग स्टाफला महिन्यात किमान चार वेळा सलग ३० तासांची किंवा पाच वेळा सलग २२ तासांची विश्रांती द्यावी, आणि तीत एक पूर्ण रात्र यावी. प्रशासन हे ३० तास मोजताना रोजची १६ तासांची विश्रांती त्यातच धरतं. लोको पायलट म्हणतात, १६ तास ही ड्युटीनंतरची झोप, ती रोजच मिळते. साप्ताहिक सुट्टी तिच्याहून वेगळी हवी. १६ अधिक ३० बरोबर ४६. इतर कर्मचारी शनिवारी संध्याकाळी घरी गेला की सोमवारी सकाळी येतो, रोजची रात्र धरून मोजा, त्याचेही तास चाळिशीच्या आसपासच भरतील. जून २०२४ मध्ये दक्षिण रेल्वेच्या लोको पायलटांनी ४६ तास झाल्यावरच कामावर यायला सुरुवात केली आणि त्यांच्यावर कारवाई झाली.

दुसरा मुद्दा सलग रात्रपाळ्यांचा. सध्याची मर्यादा चार, मागणी दोनची. तिसरा, मुख्यालय सोडल्यापासून परत येईपर्यंतचा काळ. ७२ तासांपर्यंत माणूस बाहेर ठेवता येतो, मागणी ३६ ची.

मालगाडीला ठरलेली वेळ नसते, हे ध्यानात घ्या. लॉबीतून, म्हणजे ड्युटी लावणाऱ्या कार्यालयातून, कॉल दोन तास आधी येतो. रात्री एकला येईल की पहाटे चारला, हे संध्याकाळी माहीत नसतं. म्हणजे झोपायचं कधी तेही ठरवता येत नाही. पहाटे तीन ते पाच या वेळात डोळे उघडे ठेवून सिग्नल बघणाऱ्या माणसाचा हा प्रश्न आहे. मागच्या डब्यांत प्रवासी असतात. पासधारक, ही विश्रांती तुमच्याही हिताची आहे.

पासधारक

घाटरक्षक, ४६ तासांचा मुद्दा पहिल्यांदाच नीट कळला. विश्रांतीच्या मागणीला माझा विरोध नाही, लेखी घ्या. माझा विरोध न सांगता गाडी थांबवण्याला आहे.

रूळतपासनीस

इंजिनात स्वच्छतागृह नाही हेही यादीत घाला. नव्या काही इंजिनांत सोय आहे, पण हजारो जुन्या इंजिनांत नाही. महिला लोको पायलट पाणी पिणं टाळतात. नऊ तास.

आणि सगळी चर्चा चालवणाऱ्यांभोवतीच फिरते. ट्रॅकमन, कीमन, पॉइंट्समन, सिग्नल मेंटेनर थांबले तर पहिल्या दिवशी प्रवाशाला काही जाणवणार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वेगमर्यादा लागायला सुरुवात होईल. एक पॉइंट (गाडीचा मार्ग बदलणारा रुळांचा सांधा) फेल झाला की क्रँक हँडलने हाताने फिरवून, क्लॅम्प लावून, कुलूप ठोकून गाडी सोडावी लागते. त्याला माणूस लागतो, आणि प्रत्येक गाडीमागे दहा-पंधरा मिनिटं जातात. या लोकांचा आवाज संपाच्या बातमीतही येत नाही.

कोळसाखाण

अवांतर वाटेल, पण नाही. १९७४ मध्ये सरकारला सगळ्यात मोठी चिंता प्रवाशांची नव्हती, कोळशाची होती. आजही हिशोब करा. भारतीय कोळशाला एका युनिट विजेमागे साधारण ६५० ते ७०० ग्रॅम लागतात. म्हणजे ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला तर आठ हजार टनांच्या आसपास. ५८ वाघिणींच्या एका रेकमध्ये साडेतीन ते चार हजार टन मावतात. एका संचाला रोज दोन रेक. चंद्रपूरला खाणी शेजारी आहेत. नाशिकजवळच्या एकलहऱ्याला तसं नाही, तिथे कोळसा दुरून रेल्वेनेच येतो. साठा किती दिवसांचा आहे त्यावर ठरतं संप किती दिवस सोसायचा.

म्हणूनच त्या २० दिवसांत उपलब्ध माणसं आधी मालगाड्यांवर लावली आणि प्रवासी गाड्या मोठ्या प्रमाणात रद्द केल्या. आजही तोच क्रम असेल. प्रवाशांनी हे गृहीत धरावं.

फिशप्लेट

धाग्याने वेग घेतलाय, मोटरमन बदलायचं विसरू नका.

अवांतर: जपानमध्ये रेल्वे सरकारी होती तेव्हा कामगारांना संपाची बंदी होती, म्हणून ते नियमानुसार काम करत. मार्च १९७३ मध्ये तोक्योच्या उत्तरेला आगेओ स्टेशनवर चिडलेल्या प्रवाशांनी दंगल केली, गाड्या फोडल्या. संपबंदी करूनही प्रवाशांचे हाल टळले नाहीत, उलट ते कधी होतील हे कळेनासं झालं.

फ्रान्सने २००७ मध्ये वेगळी वाट काढली. संप करायला बंदी नाही, पण महत्त्वाच्या पदावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याने ४८ तास आधी आपण संपात आहोत हे कळवायचं. त्यावरून कंपनी किती गाड्या चालतील ते ठरवते आणि २४ तास आधी प्रवाशांना सांगते. पासधारक यांचा आक्षेप नेमका तिथेच आहे ना?

पासधारक

अगदी तेच. एक दिवस आधी कळलं तर अर्धी माणसं घरूनच निघणार नाहीत.

कलमकसाई

आपल्याकडे ते अवघड आहे, कारण आधी नाव कळवणाऱ्याला १४(२) ची भीती. शिक्षा होणार नाही ही हमी दिल्याशिवाय कोणी नाव देणार नाही.

टीडीआर

प्रश्न ३. तिकिटाचे पैसे. संपाच्या दिवशी काउंटरवर गर्दी असते, म्हणून आधी वाचून ठेवा.

गाडी पूर्ण रद्द, ई-तिकीट: काहीही करू नका. पूर्ण रक्कम आपोआप त्याच खात्यात जमा होते. स्वतः तिकीट रद्द करायला गेलात तर रद्द केल्याचे पैसे कापले जाण्याची शक्यता, म्हणून एनटीईएसवर (रेल्वेची गाड्यांची चौकशी सेवा) किंवा १३९ वर गाडी 'रद्द' दाखवेपर्यंत थांबा.

गाडी पूर्ण रद्द, काउंटरचं तिकीट: नियोजित सुटण्याच्या वेळेपासून तीन दिवसांच्या आत कुठल्याही आरक्षण खिडकीवर तिकीट द्यायचं. पूर्ण परतावा.

गाडी तीन तासांहून जास्त उशिरा आणि तुम्हाला जायचं नाही: ई-तिकिटाला टीडीआर (परताव्याचा ऑनलाइन दावा) भरा, पण गाडी तुमच्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटण्याआधी. सुटल्यावर भरलेला टीडीआर नाकारला जातो. बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात. तिकिटावरच्या कोणीही प्रवास केलेला नसावा.

मार्ग बदलला आणि तुमचं स्टेशन गाळलं: टीडीआर, ७२ तासांच्या आत.

गाडी मधल्याच स्टेशनवर संपवली: उरलेल्या प्रवासाचे पैसे मागता येतात. तिथल्या स्टेशन मास्तरकडून किंवा तिकीट तपासनिसाकडून लेखी नोंद घेऊन ठेवा.

अपडाऊन

टीडीआर, तत्काळचं काय? आणि पुढची गाडी चुकली तर?

टीडीआर

कन्फर्म तत्काळ तुम्ही स्वतः रद्द केलंत तर शून्य. रेल्वेने गाडी रद्द केली तर पूर्ण पैसे.

पुढची गाडी: एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर जोडता येतात. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची नावं तीच हवीत आणि पहिलीचं उतरण्याचं स्टेशन तेच दुसरीचं चढण्याचं हवं. पहिली उशिरा पोचून दुसरी चुकली तर दुसरीच्या न केलेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात. पहिली गाडी पोचल्यापासून तीन तासांच्या आत खिडकीवर जा किंवा टीडीआर भरा. आधी जोडलेले नसतील तर हा हक्क नाही.

नुकसानभरपाई वेगळी. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की उशीर आपल्या आवाक्याबाहेरचा होता हे रेल्वेने सिद्ध करायचं, नाहीतर भरपाई द्यायची. संप या 'आवाक्याबाहेर'मध्ये बसतो का, यावर ग्राहक मंचात भांडायला जागा आहे.

रूळतपासनीस

परताव्यापेक्षा महत्त्वाचं: गाडी दोन स्टेशनांच्या मधे उभी राहिली तर खाली उतरू नका. एक मार्ग बंद म्हणजे शेजारचे बंद असं नसतं. नोव्हेंबर २०२५ च्या त्या संध्याकाळी सँडहर्स्ट रोडजवळ रुळांवरून चालणाऱ्या प्रवाशांचा लोकलखाली जीव गेला. वर २५,००० व्होल्टची तार असते, ती संप असला तरी चालूच असते. उतरावंच लागलं तर रेल्वे कर्मचाऱ्याने सांगितल्यावर, कडेच्या बाजूने, दोन मार्गांच्या मधून कधीच नाही.

खडी

१९७४ च्या संपातून शेवटी कामगारांना मिळालं काय? बोनस?

बँकर

हो, पण पाच वर्षांनी. उत्पादकतेशी जोडलेला बोनस १९७९ मध्ये आला. आज ७८ दिवसांचा असतो, पण तो खऱ्या पगारावर काढत नाहीत. महिना ७,००० रुपयांची मर्यादा धरतात. ७,००० गुणिले १२, भागिले ३६५, गुणिले ७८: १७,९५१ रुपये. बातमीत '७८ दिवसांचा पगार' छापतात आणि लोकांना लाखाची रक्कम वाटते.

घाटरक्षक

मूळ प्रश्नाकडे येऊ: पुन्हा देशव्यापी संप होईल का?

मान्यताप्राप्त महासंघांनी अलीकडे दोनदा पाऊल उचललं. ११ जुलै २०१६ पासूनचा संप सातव्या वेतन आयोगावरून होता, मंत्र्यांशी बोलणी होऊन पुढे ढकलला. नोव्हेंबर २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संपाचं गुप्त मतदान घेतलं, पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये एकीकृत पेन्शन योजना जाहीर झाली. म्हणजे नोटिशीपर्यंत जायचं, दबाव आणायचा, काही पदरात पाडून घ्यायचं. कर्मचारीही १७ लाखांवरून १२ लाखांच्या आसपास आलेत. १९७४ सारखा संप मला संभवत नाही.

मला काळजी आहे ती छोट्या, अचानक होणाऱ्या आंदोलनांची. १९५२ पासून रेल्वेत कायम वाटाघाटी यंत्रणा आहे: झोन, बोर्ड आणि त्यावर लवाद. पण तिथे बसायचा हक्क फक्त मान्यताप्राप्त संघटनांना. त्या सगळ्या श्रेणींच्या असतात. फक्त लोको पायलटांच्या, फक्त एका श्रेणीच्या संघटनेला मान्यता नाही. ज्यांच्या हातात गाडी थांबवण्याची ताकद आहे आणि ज्यांचे तास सगळ्यात वाईट आहेत, तेच टेबलावर नाहीत. मग त्यांचं म्हणणं येतं ते 'तास भरले, घरी चाललो' असं. रनिंग स्टाफच्या तासांपुरती तरी वेगळी समिती हवी, तिच्यात त्यांचे प्रतिनिधी हवेत, आणि रिकाम्या पदांचा आकडा दर तिमाहीला विभागवार जाहीर व्हायला हवा.

पासधारक

आकडा जाहीर करण्याला पूर्ण पाठिंबा. प्रवासी संघटनांनी डब्यांची संख्या आणि पंख्यांबरोबर हेही विचारायला हवं. विभागीय प्रवासी सल्लागार समितीच्या बैठकीत लेखी प्रश्न देता येतो.

लॉबी

विचारताना 'मंजूर पदं किती, भरलेली किती' एवढ्यावर थांबू नका. लॉबीवार महिन्याचे ओव्हरटाइमचे तास, ११ तासांच्या वर गेलेल्या ड्युट्यांची संख्या, आणि देय झालेली पण न दिलेली साप्ताहिक विश्रांती, हे तीन आकडे मागा. क्रू मॅनेजमेंट सिस्टिममध्ये प्रत्येक साइन ऑन-साइन ऑफची वेळ नोंदलेली असते, त्यामुळे 'माहिती संकलित नाही' हे उत्तर चालवून घेऊ नका. समितीत दाद लागली नाही तर हेच तीन प्रश्न माहिती अधिकारात टाका, विभागीय कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने, दहा रुपये शुल्क. उत्तराला ३० दिवस.